सातव्या खोक्यातले बारा दिवस

विद्यापीठाच्या ज्या ग्रंथालयात त्या नोकरीला होत्या, तिथे त्यांना सगळे कार्डवाल्या बाई म्हणत. ग्रंथालयाच्या याद्या संगणकावर गेल्या त्या वर्षी लाकडी खणांतली जुनी कार्डं रद्दीत निघाली. एका बाजूला पुस्तकाचं नाव टंकलेलं, दुसरी बाजू कोरी करकरीत. बाईंनी ग्रंथपालांना विचारलं, "ही मी नेऊ का?" ग्रंथपाल म्हणाले, "न्या की. शेगडी पेटवायला बरी पडतील." बाईंनी चार दिवस पिशव्या भरभरून कार्डं घरी वाहिली, बुटांच्या खोक्यांत उभी लावली आणि कोऱ्या बाजूंवर आपला प्रबंध सुरू केला. तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या. प्रबंध पुरा झाला तेव्हा पंचावन्नच्या.

विषय होता गेल्याच्या आधीच्या शतकातला एक रशियन कादंबरीकार. तोही सगळा नाही, त्याच्या शेवटच्या चार कादंबऱ्या. तरुणपणी तो प्रेमाबिमाचं काय लिहीत होता याच्याशी बाईंना देणंघेणं नव्हतं. त्यांना हवा होता तो पन्नाशी ओलांडलेला, खोकणारा, संपादकाच्या तगाद्याने बेजार झालेला माणूस. त्याच्या आसपास देश उलटापालटा होत होता. जमिनीसकट विकले जाणारे भूदास मोकळे झाले होते, रेल्वे गावागावांत घुसत होती आणि नव्या कोर्टांत पहिल्यांदाच साधी माणसं ज्यूरीत बसून दुसऱ्या साध्या माणसांचा निकाल लावत होती. लोक सकाळी वर्तमानपत्रात खटले वाचत आणि महिन्याच्या मासिकात कादंबरीचं पुढचं प्रकरण. बाईंचं म्हणणं असं, की कादंबरी हवेत लिहिली जात नाही. ज्या दिवशी त्याने अमुक पान लिहिलं त्या दिवशी त्याच्या टेबलावर कुठली बातमी पडली होती, ते शोधलं पाहिजे. एक प्रकरण, एक दिवस, एक कार्ड.

"तुझा दाढीवाला आज काय म्हणतोय?" असं त्यांचे यजमान रोज विचारत.

यजमान बस डेपोच्या वेळापत्रक विभागात कारकून होते. कुठली बस कुठून किती वाजता सुटेल आणि कुठे किती वाजता पोचेल, हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेला. डेपोत त्यांना घड्याळ म्हणत, बिल्डिंगमधली पोरं घड्याळकाका. बुटका माणूस, पँटच्या खिशात कायम हिरव्या शाईचं पेन. विभागात ज्याची त्याची शाई ठरलेली असे आणि हिरवी त्यांची. दुसरी त्यांची सवय म्हणजे तोंडी आदेशाची नोंद. साहेबाने येता-जाता काही सांगितलं, की घड्याळकाका 'हो साहेब' म्हणत आणि पाठ फिरताच कागदाच्या मागे बारीक अक्षरात लिहीत: कोणी सांगितलं, आपण काय विचारलं, उत्तर काय आलं. "उद्या बस खड्ड्यात गेली तर साहेब म्हणणार मी असं बोललोच नव्हतो," ते सांगत. "कागद बोलतो मग."

बाईंचं शिक्षण यजमानांहून जास्त, आणि ही गोष्ट त्या दोघांच्या घरात एखाद्या तिसऱ्या माणसासारखी राहत असे. बाई वाईट नव्हत्या. यजमानांच्या गोळ्या वेळेवर देत, त्यांचे शर्ट स्वतः इस्त्री करत. पण ते कादंबरीविषयी काही बोलायला लागले की बाईंच्या कपाळावर एक आठी उमटे. मग काका आपले, "बरं बरं, मला काय कळतंय त्यातलं," म्हणून पेपर उघडत.

"आई, तू बाबांशी बोलतेस तशी ग्रंथालयात शिपायाशीसुद्धा बोलत नसशील," लेक एकदा म्हणाली होती. लेक तेव्हा सतरा वर्षांची होती.

"शिपाई मला दाढीवाला म्हणत नाही," बाई म्हणाल्या.

आता तारखांचं. सगळं त्याच्यावर बेतलेलं आहे, म्हणून नीट सांगायला हवं. त्या काळी रशियाची दिनदर्शिका बाकी युरोपच्या बारा दिवस मागे होती. इकडे पाच एप्रिल, तर तिकडे त्याच दिवशी चोवीस मार्च. बाईंना खटल्यांच्या बातम्या मिळाल्या त्या पश्चिमेकडच्या एका वर्तमानपत्राच्या जुन्या बांधीव खंडांत. ग्रंथालयाच्या तळघरात ते खंड कोणी हात न लावलेले पडून होते. त्यांतल्या तारखा तिकडच्या. त्या रशियन करायच्या तर प्रत्येक तारखेतून बारा वजा करायला हवेत. ही झाली पहिली सहा खोकी. सातव्या खोक्यात मात्र वर्तमानपत्र नव्हतं. तिथे कादंबरीकाराची संपादकाला लिहिलेली पत्रं होती: आज अमुक प्रकरण पाठवलं, उद्या तमुक पाठवतो. तो रशियात बसून लिहीत होता, तेव्हा तारखा मुळातच रशियन. त्यांतून काही वजा करायचं नव्हतं. या पत्रांचं पुस्तक परदेशी ग्रंथालयातून तीन आठवड्यांपुरतं आलं होतं. बाईंनी ते उतरवून घेतलं आणि पुस्तक परत गेलं.

"म्हणजे अख्खा देश बारा दिवस लेट?" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घड्याळकाका भलतेच खूश झाले होते. "आमच्या डेपोत असता तर झारला मेमो दिला असता."

बाईंना हसू आलं होतं. तेवढं एकदाच.

अकराव्या वर्षी बाईंचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. टाके पिकले आणि आठवड्याचं काम महिन्यावर गेलं. लेक दुसऱ्या शहरात वसतिगृहात होती, तिला परीक्षा सोडून येऊ नकोस म्हणून सांगितलेलं. आणि त्याच महिन्याच्या शेवटी बाईंना विद्यापीठाच्या साहित्य विभागात प्रगतीचा अहवाल द्यायचा होता. कार्डांवर तारखा पेन्सिलीने लिहिलेल्या, वजाबाकी राहिलेली. बाईंनी अंथरुणातूनच यजमानांना सांगितलं, "कार्डांवरच्या तारखांतून बारा-बारा वजा करून लिहून काढा. तेवढं जमेल ना?"

काकांना कोण आनंद! अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या खोक्यांना हात लावायची परवानगी मिळाली होती. रोज संध्याकाळी डेपोतून आले की हातपाय धुऊन ते टेबलाशी बसत, पेन्सिलीची तारीख रबराने स्वच्छ खोडत आणि हिरव्या शाईने नवी लिहीत. आठव्या दिवशी ते दवाखान्यात आले ते थोडे घुटमळतच.

"अगं, एक विचारू?"

बाईंना ताप होता. नर्स नुकतीच पट्टी बदलून गेली होती.

"सातवं खोकं. त्यातल्यापण करायच्या का? म्हणजे मी आपला एक गंमत म्हणून ताळा घातला. त्यातून बारा काढले, तर तो माणूस खटल्याचा निकाल लागायच्या आधीच निकालाचं लिहून बसतो. बस सुटायच्या आधी पोचत नसते, म्हणून म्हटलं..."

"सगळ्या," बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

"नाही, पण सातव्यातल्या..."

"सगळ्या म्हटलं ना! सांगितलंय तेवढं करा. डोकं चालवू नका."

"बरं," काका म्हणाले. पिशवीतून धुतलेला गाऊन काढून त्यांनी उशाशी ठेवला आणि ते गेले.

बाई घरी आल्या तेव्हा सातही खोकी कपाटावर रांगेत लावलेली होती. प्रत्येक कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी, गोल, वळणदार तारीख. अहवाल जेमतेम पार पडला. दोन महिन्यांनी बाई अंगात बळ आल्यावर कार्डं लावायला बसल्या आणि त्यांना ते दिसलं.

त्या देशात एका शिवणकाम करणाऱ्या मुलीवर मालकिणीला विष घातल्याचा खटला चालला होता. चोवीस मार्चला ज्यूरीने तिला दोषी ठरवलं. शिक्षा ऐकल्यावर ती मुलगी रडली नाही, किंचाळली नाही. "माझं अंगुस्तान टेबलावर राहिलंय, ते तेवढं द्या," एवढंच म्हणाली. अंगुस्तान म्हणजे शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी. आणि दाढीवाल्याच्या कादंबरीत, हुबेहूब तशीच एक मुलगी, शिक्षा ऐकून आपलं अंगुस्तान मागते. ते प्रकरण त्याने संपादकाला कधी पाठवलं? कार्डावर हिरव्या शाईत होतं: अठरा मार्च. निकालाच्या सहा दिवस आधी.

बाईंनी कार्ड पुन्हा वाचलं. त्याने बातमी वाचून लिहिलं नव्हतं. बातमी घडायच्या आधी लिहिलं होतं. त्या काळाची नस त्याला अशी काही सापडली होती, की कोर्टातली मुलगी पुढे काय बोलेल ते त्याला सहा दिवस आधी ऐकू आलं. अकरा वर्षं त्या हमाली करत होत्या, आज हाताला सोनं लागलं होतं. सोनं लागल्यावर माणूस खाण तपासत बसत नाही. दवाखान्यातलं बोलणं बाईंना आठवलं नाही. म्हणजे त्या वेळी तरी आठवलं नाही.

मार्गदर्शक सरांनी हे ऐकलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. हे सर बाईंकडून स्वतःच्या लेखांची मुद्रितं तपासून घेत, विद्यार्थ्यांचे निबंध वाचून घेत, पाहुण्यांसाठी चहासुद्धा सांगायला लावत आणि त्यांच्या प्रकरणांवर महिनोन्महिने 'पाहू' एवढाच शेरा मारत. "सहा दिवस आधी!" सर म्हणाले. "बाई, हेच तुमचं प्रमेय. बाकी सगळं याच्या मागे चालवा." बाकी सगळं मागे चालवायला आणखी आठ वर्षं गेली.

घड्याळकाका मधल्या काळात निवृत्त झाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पण घरी कोणी आलं की त्यांचं वाक्य ठरलेलं: "अर्धी डॉक्टरेट माझी आहे बरं का. तारखा सगळ्या मी काढल्यात." पाहुणे हसत. बाई चहा गाळत असत. त्या म्हणत, "हो, हो. घ्या, गार होतोय."

नोंदणीला तीनदा मुदतवाढ मिळून झाली होती, चौथी नियमात नव्हती. या वर्षी तोंडी परीक्षेत प्रबंध मंजूर झाला तर ठीक, नाहीतर एकोणीस वर्षं पुसली जाणार. मंजूर झाला तर आणखी एक होतं. सर या वर्षी निवृत्त होत होते आणि त्यांचा रशियन कादंबरीचा वर्ग बाईंनी घ्यावा असं विभागात ठरत होतं. ज्या वर्गात बाई एकोणीस वर्षं पुस्तकांची ढकलगाडी घेऊन जात, तिथे फळ्यापाशी उभं राहायचं. बाईंनी त्यासाठी साडी नाही, बूट घेतले होते. आवाज न करणारे.

तोंडी परीक्षा खुली होती. पहिल्या मजल्यावरची लांबट खोली, हिरवं कापड घातलेलं टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास. समोर समितीचे अध्यक्ष, सर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक. या परीक्षकबाई चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. मागे पंधरावीस माणसं. शेवटच्या रांगेत घड्याळकाका नवा शर्ट घालून बसले होते. मांडीवर केकचं खोकं. लेकीने फोनवरून बजावलं होतं, "बाबा, आधी उघडू नका हं, निकालानंतर."

पहिला अर्धा तास छान गेला. मग परीक्षकबाईंनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. मातकट रंगाचं, जाड. बाईंनी ते लगेच ओळखलं. एकोणीस वर्षांपूर्वी तीन आठवडे ते त्यांच्या उशाशी होतं.

"अंगुस्तानाचं प्रकरण त्याने कधी पाठवलं म्हणता?"

"अठरा मार्च."

"हे पत्र जरा वाचता?"

बाईंनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. पत्रावर तीस मार्च होती.

"मोठ्याने," परीक्षकबाई म्हणाल्या.

"तीस मार्च."

"निकाल चोवीसला. म्हणजे त्याने सहा दिवसांनी लिहिलं. पेपर वाचून. तुमच्या या एकाच नव्हे, त्रेसष्ट पत्रांच्या तारखा बारा दिवसांनी मागे आहेत. रशियन तारखेचं तुम्ही पुन्हा रशियन केलंत." त्यांनी चष्मा काढला. "वाईट याचं वाटतं, की योग्य तारखा लावल्या असत्या तर तुमच्या हातात जास्त चांगला प्रबंध होता. वर्तमानपत्रातली एक ओळ सहा दिवसांत कादंबरी कशी होते, याचा इतका बारीक पुरावा मी कुठे पाहिलेला नाही. तुम्ही तो फेकून देऊन चमत्कार घेतलात."

मागे कोणीतरी खोकलं. सर घाईघाईने म्हणाले, "मी नेहमी सांगत आलो, तारखा तपासा, तारखा तपासा..." आणि आपल्या प्रतीची पानं चाळू लागले.

बाईंच्या डोळ्यांसमोर ती हिरवी, गोल, वळणदार तारीख उभी राहिली. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "या तारखा मी काढलेल्या नाहीत."

"मग कोणी?"

"माझ्या यजमानांनी. मी आजारी होते तेव्हा. ते... ते बस डेपोत होते. त्यांना यातलं काही कळत नाही."

परीक्षकबाईंनी पुस्तक मिटलं. "थांबा. आता सावकाश उत्तर द्या, कारण याने फार फरक पडतो. तुम्ही सांगितलंत आणि त्यांनी नुसतं केलं, लेखनिकासारखं, तर ही चूक तुमची. आणि चूक तुमची असेल तर नियमात तुम्हाला दुरुस्तीला सहा महिने मिळतात. मी स्वतः शिफारस करेन. पण त्यांनी परस्पर केलं असेल, तुम्हाला न विचारता, तर प्रबंधाचा कणाच दुसऱ्याने घातलेला ठरतो. आणि हे काम सर्वस्वी माझं आहे असं तुम्ही पहिल्या पानावर सही करून दिलंय. तेव्हा सांगा. सातव्या खोक्याचं त्यांनी तुम्हाला विचारलं होतं का?"

दार सताड उघडून दिलं होतं. 'हो, विचारलं होतं,' एवढेच तीन शब्द.

आणि नेमकं तेव्हा बाईंना सगळं आठवलं. भिंतीचा पिवळट रंग, पट्टीचा वास, 'बस सुटायच्या आधी पोचत नसते.' ते तीन शब्द म्हटले की पुढचा प्रश्न येणारच होता: मग तुम्ही काय म्हणालात? एका बस डेपोच्या कारकुनाला एका संध्याकाळी ताळा घालून जे दिसलं, ते या विदुषीला आठ वर्षांत दिसलं नाही, हे त्या पंधरावीस माणसांपुढे आपल्या तोंडाने सांगावं लागणार होतं. त्यांत दोन अशी होती, की ज्यांना बाई गेल्याच आठवड्यात कालगणनेवर बौद्धिक देऊन आल्या होत्या.

बाईंनी समोरच्या ग्लासवरचं झाकण सरळ केलं.

मागे खुर्ची सरकली. घड्याळकाका उभे राहिले. केकचं खोकं त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं, ठेवायला जागा मिळाली नसावी.

"मॅडम, मीच तो," ते म्हणाले. पुढे टेबलापाशी चाललेलं बोलणं त्यांना सगळं ऐकू गेलं नव्हतं. पंप आणि इंजिनांच्या गोंगाटात चौतीस वर्षं काढलेले कान ते. एवढंच कळलं होतं, की बायको अडचणीत आहे आणि चूक कोणाची असं विचारतायत. "चूक माझी आहे. तिला काहीसुद्धा माहीत नव्हतं. मीच आपलं परस्पर केलं. तिने मला विचारलंही नाही, सांगितलंही नाही."

"नक्की?" परीक्षकबाईंनी विचारलं, पण बघत होत्या त्या बाईंकडे.

"नक्की. तिच्यावर ठेवू नका काही."

दाढीवाल्याच्या कादंबऱ्यांत माणसं भर कोर्टात उठतात आणि न केलेला गुन्हा कबूल करतात. बाईंनी त्यावर बेचाळीस पानं लिहिली होती. त्या माणसांच्या डोळ्यांत काय दिसतं, बाकीचे तेव्हा कुठे बघत असतात, सगळं. प्रत्यक्ष समोर घडलं तेव्हा त्या पाण्याच्या ग्लासवरच्या झाकणाकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला यात काही दुरुस्त करायचंय?" परीक्षकबाईंनी शेवटचं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

पाऊण तासाने शिपायाने बंद पाकीट आणून दिलं. नामंजूर. खाली बारीक टाइपात, अपील करायचं असल्यास तीस दिवसांत, लेखी पुराव्यासह.

दोघं घरी आले. काकांनी केकचं खोकं टेबलावर ठेवलं, पंखा लावला आणि मग विचारलं, "माझं बोलणं उपयोगी पडलं का गं थोडं तरी?"

बाई नवे बूट काढत होत्या. त्यांनी एक काढला, दुसऱ्याची नाडी सोडवली आणि मान वर न करता सगळं सांगितलं. नियम काय आहे ते. सहा महिने कसे मिळत होते ते. 'परस्पर केलं' या दोन शब्दांनी काय झालं ते. एखाद्या मंद विद्यार्थ्याला समजावतात तसं, एकेक मुद्दा सोडवून. "तुम्ही नुसते गप्प बसला असता तरी चाललं असतं," त्या शेवटी म्हणाल्या.

काका खुर्चीत बसले. आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते हसलेसुद्धा.

"अगं, मग सोपं आहे! मी नोंद केलीय ना!"

"कसली नोंद?"

"तोंडी आदेशाची. सवयच ती. दवाखान्यातून आलो आणि सातव्या खोक्यातल्या शेवटच्या कार्डामागे लिहून ठेवलं. तारीख, वेळ, मी काय विचारलं, तू काय म्हणालीस. तिथे त्या हॉलमध्ये नाही बोललो, म्हटलं सगळ्यांसमोर तुझी शोभा कशाला. पण आता समितीलाच नुसतं दाखवायचं. लेखी पुरावा म्हणतायत ना? कागद बोलतो मग! उद्या सकाळीच बघू. आज माझ्या डोळ्यांना काही दिसायचं नाही."

सकाळी काका दूध आणायला गेले. बाईंनी स्टूल घेतलं, सातवं खोकं खाली उतरवलं. शेवटचं कार्ड. एका बाजूला दाढीवाल्याचं पत्र. दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी जुन्या पुस्तकाचं टंकलेलं नाव, आणि त्याच्या खाली मुंगीएवढ्या हिरव्या अक्षरांत:

'सा. ६.४०. दवाखाना. विचारले: सातव्यातल्याही का? निकालाआधी पत्र पडते, बस सुटण्याआधी पोचत नाही. उत्तर: सगळ्या. पुन्हा विचारले. उत्तर: सगळ्या. सांगितलंय तेवढं करा, डोकं चालवू नका.'

खाली सही. आणि सहीच्या खाली, ही नोंदीची पद्धत नसतानाही: 'ताप १०२.'

या कार्डात सहा महिने होते. वर्ग होता, फळा होता. समिती ते हातोहात फिरवेल, सर 'बस सुटण्याआधी पोचत नाही' मोठ्याने वाचतील, एखादा हसेल, आणि सहा महिन्यांनी त्या डॉक्टर होतील. आणि मग जन्मभर विभागाच्या बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाला ते वाक्य पाठ असेल.

बाईंनी कार्ड उभं फाडलं, मग आडवं. जुना पुठ्ठा चिवट, तिसऱ्यांदा फाटेना, तेव्हा कात्री घेतली. तुकडे केराच्या डब्यात चहाच्या चोथ्याखाली दाबले. हात धुतले. खोकं पुन्हा वर ठेवलं.

काका आले ते दूध ओट्यावर ठेवून थेट स्टुलावर चढले. एकेक कार्ड भिंगाखाली धरून बघितलं. शेवटचं, मग त्याच्या आधीचं, मग सगळं खोकं. दुपारी सहावं. दुसऱ्या दिवशी पाचवं.

"मी लिहिलं होतं गं."

"नाहीये पण."

"शेवटच्याच कार्डामागे. मला अक्षर न् अक्षर..." ते थांबले. भिंग खाली ठेवलं. "लिहिलं होतं ना?"

"तुम्हाला वाटलं असेल," बाई म्हणाल्या. आवाजात रागही नव्हता. "परवा गोळी घेतली होती असंही वाटलं होतं तुम्हाला. घेतली नव्हती."

तीस दिवस गेले. सरांच्या वर्गावर दुसऱ्या कुणाची नेमणूक झाली आणि बाई त्या वर्गात पुस्तकांची ढकलगाडी घेऊन जात राहिल्या, न वाजणाऱ्या बुटांनी. घड्याळकाका मात्र बदलले. लहानसहान गोष्टी दोन-दोनदा विचारू लागले: गॅस बंद केला ना मी? दार लावलं ना? कोणाला काही सांगताना मध्येच थांबून बाईंकडे बघत, असंच झालं होतं ना, अशा नजरेने. खिशातलं हिरवं पेन त्यांनी आपण होऊन काढून ठेवलं. चौतीस वर्षं ज्या सवयीवर ते उभे होते, तीच आता दगा देतेय, आपल्याला भास होतायत, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

सुट्टीत लेक आली. जेवताना ती बापावर उखडली. "बाबा, तुम्हाला कोणी सांगितले होते हे नसते उद्योग? एकोणीस वर्षं गेली तिची!"

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाई वाटीत वाढत होत्या. त्यांचा हात जरासुद्धा थांबला नाही.

"कोणी नाही," काका म्हणाले.

"आई, खरंच यांनी तुला विचारलं नव्हतं?"

"जेव तू," बाई म्हणाल्या. आणि मग, लेक अजून बघतेच आहे असं दिसल्यावर, "नाही विचारलं."

अजूनही त्यांच्याकडे कोणी आलं की काका खुर्ची पुढे करतात, पंखा वाढवतात आणि स्वतःहूनच सांगतात, "हिची डॉक्टरेट माझ्यामुळे गेली बरं का. तारखा मी चुकवल्या." नवखा पाहुणा गोंधळतो, काय बोलावं त्याला सुचत नाही. बाई आतून चहा घेऊन येतात.

"घ्या," त्या म्हणतात. "गार होतोय."